अर्ध्या किलोचा फरक

निफाडच्या बाजूला डिसेंबरच्या अखेरीस जी थंडी पडते, ती द्राक्षबागायतदारांना झोपू देत नाही. पारा ५-६ अंशांवर उतरला की मणी तडकतील या धास्तीने माणसे पहाटेच उठतात, बांधावर शेकोट्या पेटवून बागेत धूर करतात आणि ठिबक सुरू करून मुळांशी विहिरीचे कोमट पाणी सोडतात. अशाच एका पहाटे मी माझ्या मावसभावाच्या मळ्यावर होते. डोळ्यांना धूर झोंबत होता, आणि शेडखाली त्याची जुनी डिझेल जीप जड, कोरड्या आवाजात सुरू झाली होती. त्याने मला हाक मारली. “ताई, हा तेलाच्या दाबाचा काटा बघ. परवा ऑइल आणि फिल्टर बदलला. आधी थंडीत रेस केली की साडेचार किलो दाखवायचा. आता चारच्या वर जातच नाही.” त्याने पुन्हा ॲक्सिलरेटर दाबून दाखवला. काटा चारपर्यंत चढला आणि तिथेच थरथरत राहिला. “आणि इंजिन एकदा गरम झालं की काहीच फरक नाही. पहिल्यासारखंच. मिस्त्री म्हणतात ऑइलचा पंप थकलाय, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर खोलून बघू.” तेल त्याच कंपनीचे आणि त्याच ग्रेडचे होते. बदलला होता तो फक्त फिल्टर.

मी त्या वेळी काही बोलले नाही. तंत्रनिकेतनात मी अनेक वर्षे द्रवयांत्रिकी शिकवते आहे, दाब आणि प्रवाह यांची समीकरणे फळ्यावर किती वेळा लिहिली असतील याची गणती नाही, तरीही त्या अर्ध्या किलोने, म्हणजे चौरस सेंटीमीटरवरच्या अर्ध्या किलोच्या दाबाने, मला छळले. फिल्टर ही वाट अडवणारी वस्तू आहे हे कोणीही मान्य करील. मग अडथळा वाढल्यामुळे दाब उतरला असेल, तर तो सदासर्वकाळ उतरायला हवा. थंडीतच, आणि तेही रेस केल्यावरच उतरायचा, गरम झाल्यावर मात्र नाही, असे का? आणि अडथळा वाढला तर दाब कमी व्हावा की जास्त, हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नळाच्या तोंडावर बोट धरले की पाणी जोरात उडते, एवढे तर लहान मुलालाही ठाऊक असते.

त्या काट्याशी माझे नाते जुने आहे. माझे काका नाशिक–मुंबई मार्गावर डिझेल अँबॅसडर टॅक्सी चालवत. सुट्टीत कधी पुढच्या सीटवर बसायला मिळाले, तर कसाऱ्याच्या घाटात माझे लक्ष दरीकडे असे आणि काकांचे तेलाच्या दाबाच्या गेजकडे. घाट चढताना इंजिन तापे, तेल पातळ होई, आणि वळणावर गाडी हळू झाली की काटा खाली झुके. तो झुकला की काका बोलायचे थांबत. वर इगतपुरीला पोहोचल्यावर ते बॉनेट उघडून उभे राहत, गरम रबर आणि जळक्या तेलाचा वास सगळीकडे पसरे, आणि मग ते पुन्हा गप्पा मारू लागत. त्या गाडीचा फिल्टर आजच्यासारखा डबा नव्हता. इंजिनाला लोखंडी वाडगा लांब बोल्टने कसलेला असे, आत बदलायचे एलिमेंट, आणि वरच्या खाचेत रबरी रिंग. जुनी रिंग टाचणीने उकरून काढायची, नवी नीट बसवायची, नाहीतर तेल गळणार. काकांची बोटे त्या कामात इतकी काळी होत की जेवताना ते चमचा मागून घेत. काटा वर असेल तर इंजिन सुरक्षित आहे, ही त्यांची श्रद्धा होती, आणि मी तीच घेऊन मोठी झाले.

ती श्रद्धा मला पहिल्यांदा तपासावी लागली ती ब्यूचँप टॉवर यांच्या प्रयोगाबद्दल वाचले तेव्हा. इंग्लंडमध्ये १८८३ साली यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसाठी टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगमधील घर्षण मोजत होते. बेअरिंगच्या वरच्या बाजूला तेल घालण्यासाठी त्यांनी भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्यांनी बूच लावले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी तिथे गेज बसवले, तेव्हा काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. आसावरचा सरासरी भार तर चौरस इंचाला १०० पौंडांचाच होता. तिथे पंप नव्हता. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता आणि फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून हा दाब निर्माण करत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले, आणि क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य आसाच्या, प्रत्येक बेअरिंगचे डिझाइन आजही त्याच पायावर होते. क्रँकला धातूपासून अधांतरी उचलून धरणारा दाब हा पंपाचा नसतो. क्रँक आपल्या फिरण्यातून तो तयार करते. पंपाने फक्त त्या फटीत पुरेसे तेल पोहोचवत राहायचे असते, कारण बेअरिंगच्या कडांतून ते सतत बाहेर पडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते.

म्हणजे काका ज्याच्याकडे पाहत होते तो काटा बेअरिंगमधला नव्हे, तर मागून येणाऱ्या तेलाचा दाब दाखवत होता.

गेजला हवा असतो दाब आणि इंजिनाला हवा असतो प्रवाह. बहुतेक वेळा हे दोन्ही बरोबरच असतात, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. पण नेहमी नाही. बेअरिंग झिजले की फट वाढते, तेल सहज निसटते, दाब उतरतो, प्रवाह मात्र तेवढाच असतो. उलट एखादी वाहिनी गाळाने चोंदली, तर तिच्या अलीकडचे गेज उत्तम दाब दाखवील आणि पलीकडचे, इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट कोरडे पडेल. आजच्या गाड्यांमध्ये तर काटाही उरलेला नाही. सुरईच्या आकाराचा लाल दिवा असतो, आणि त्याचा स्विच बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याहूनही खाली काम करतो. तो पेटला म्हणजे सांगण्यासारखे काही उरलेलेच नसते.

आता जीपकडे वळते. इंजिनाचा तेलपंप दात्यांचा असतो आणि क्रँकशी जोडलेला असतो. क्रँकच्या एका फेऱ्याला तो ठरावीक माप तेल पुढे ढकलतो, समोर अडथळा कितीही असो. अडथळा जास्त असेल तर तो जास्त जोर लावतो, पण माप सोडत नाही. पंपातून निघालेले तेल आधी फिल्टरमध्ये जाते आणि मग मुख्य गॅलरीत, म्हणजे इंजिनाच्या आतल्या तेलाच्या मुख्य वाहिनीत, जिथून ते क्रँकची मेन बेअरिंग, पिस्टनच्या दांड्यांची बिग एंड बेअरिंग आणि वर हेडकडे वाटले जाते. गेजची तांब्याची बारीक नळी या गॅलरीलाच, म्हणजे फिल्टरच्या पुढे, जोडलेली असते. इंजिन गरम असताना, सावकाश फिरत असताना, फिल्टर थोडा घट्ट असला तरी पंप तेवढेच तेल पुढे पाठवतो. जास्तीचा जोर फिल्टरमध्येच खर्च होतो. गॅलरीत पोहोचणारे तेल तेच, बेअरिंगच्या फटी त्याच, म्हणून गेजवरचा आकडाही तोच. फिल्टर बदलल्याने गरम इंजिनाचा दाब का बदलत नाही, याचे उत्तर इतके सरळ आहे. गरम इंजिनाचा दाब फिल्टरमुळे वाढला किंवा घटला असे कोणी सांगितले, तर मी आधी तेलाची ग्रेड आणि तापमान विचारीन.

थंडीत मात्र या साखळीत आणखी एक घटक जागा होतो. पंपाचा जोर अमर्याद वाढू दिला तर फिल्टरचा डबा फुटेल, म्हणून पंपाच्या तोंडाशी स्प्रिंगवर धरलेला रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरावीक मर्यादेवर गेला, समजा ५ किलोवर, की तो उघडतो आणि जास्तीचे तेल परत चेंबरमध्ये सोडतो. तो उघडला की पंपाचा स्वभावच बदलतो. तोपर्यंत तो ठरलेले माप देत होता, आता तो ठरलेला दाब देतो. आता फिल्टरने जो दाब खाल्ला तो गॅलरीच्या वाट्यातूनच वजा होणार, कारण भरपाई करायला पंप मोकळा राहिलेला नाही. अर्धा किलो खाल्ला तर साडेचार उरतील, एक किलो खाल्ला तर चार.

मावसभावाला हे समजावताना मी ठिबकचाच आधार घेतला. त्याच्या फिल्टरहाऊसमध्ये सँड फिल्टरच्या दोन्ही बाजूंना गेज आहेत. अलीकडे दोन किलो आणि पलीकडे दीड झाले की फिल्टर धुवायला झाला, हे तो पहाटेच्या अंधारातही जाणतो. पंप थकला असे तो तेव्हा म्हणत नाही. विहिरीवरचा त्याचा पंप मुळातच असा आहे की पुढे अडवले की पाणी कमी होते. जीपचा पंप एरवी तसा नाही, पण रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्यावर तोही तसाच वागू लागतो. एवढे बोलल्यावर त्याने माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. “म्हणजे जीपला एकच गेज आहे, आणि तेही फिल्टरच्या पलीकडचं. अलीकडचं गेज असतं तर त्याने पाच दाखवले असते!” मी वर्गात तासभर घेऊनही ज्या ठिकाणी पोहोचत नाही, तिथे तो एका वाक्यात पोहोचला होता.

थंडी किती मोठा फरक करते याची कल्पना आकड्यांशिवाय येत नाही. त्याच्या जीपमध्ये घातलेले १५डब्ल्यू-४० तेल १०० अंशांवर साधारण १४-१५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असते, ४० अंशांवर ११० च्या आसपास, आणि निफाडच्या त्या पहाटेच्या ५ अंशांवर ते कामाच्या तापमानापेक्षा पन्नास-साठ पट दाट होते. कॅनमधून ओतताना त्याची धार तुटत नाही, ती घडी पडत पडत खाली उतरते. आँरी दार्सी यांनी फ्रान्समधील दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या थरांवर प्रयोग करून १८५६ मध्ये जो नियम मांडला, तो फिल्टरच्या कागदालाही लागू पडतो. सच्छिद्र थरातून जाताना होणारी दाबाची घट प्रवाहाच्या आणि दाटपणाच्या प्रमाणात वाढते, आणि थराचे क्षेत्रफळ वाढवले तर त्याच प्रमाणात घटते. गरम असताना जो कागद दोन-तीन दशांश किलोवर तेल जाऊ देतो, त्याच्यापुढे पन्नास-साठ पट दाट तेल आले तर हिशेब कुठल्या कुठे जातो. कागद फाटायला हवा. तो फाटत नाही, कारण फिल्टरच्या आत आणखी एक छोटी स्प्रिंग बसलेली असते, आणि या लेखात मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते तिच्याबद्दल.

ती बायपास व्हॉल्व्हची स्प्रिंग. कागदाच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक साधारण एका किलोच्या आगेमागे गेला की ती दबते आणि तेल कागदाला वळसा घालून, न गाळता, थेट इंजिनात जाते. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये नसून ब्लॉकमध्येच असतो. कोणत्या फरकाला तो उघडावा हे प्रत्येक इंजिनाच्या रचनेप्रमाणे ठरते, म्हणूनच आटे जुळतात तेवढ्यावर दुसऱ्याच गाडीचा फिल्टर लावणे मला मान्य नाही. हा व्हॉल्व्ह कुठे बसवला आहे यालाही महत्त्व आहे. डब्याच्या बंद टोकाशी असेल, तर वळसा घेणारे तेल कागदावर साचलेला कचरा धुऊन सोबत नेऊ शकते. आट्यांच्या बाजूला असेल, तर ते कचऱ्याला न शिवता परस्पर निघून जाते. त्या पहाटे, रेस केलेल्या थंड इंजिनात, नव्या फिल्टरचा हा व्हॉल्व्ह नक्कीच उघडा होता. गॅलरीत दिसणारे चार किलो म्हणजे रिलीफचे पाच, वजा या छोट्या स्प्रिंगचा एक. काटा अगदी खरे बोलत होता, आणि पंप ठणठणीत होता.

मग जुना फिल्टर अर्धाच किलो कसा खात होता?

तो अजून शेडच्या कोपऱ्यात, ट्रेमध्ये उलटा पडून ठिबकत होता. मिस्त्रींना मी तो कापायला सांगितला. त्यांनी हॅकसॉ उचलला तेव्हा मी थांबवले, कारण करवतीचा लोखंडी भुसा आत पडला की पुढे दिसणाऱ्या प्रत्येक चमकत्या कणावर संशय येतो. प्लंबरचा पाइप कटर मिळाला. डबा व्हाइसमध्ये धरून, कटर फिरवत फिरवत, पत्रा करकरत उघडला, आणि आतून दाट, काळे, डिझेलच्या काजळीचा तिखट वास असलेले तेल सावकाश बाहेर आले. कागदाच्या घड्यांचा दंडगोल आम्ही वर्तमानपत्रावर ठेवला. मिस्त्री कौतुकाने म्हणाले, “बघा, किती साफ आहे. ऑइल चांगलं वापरलंय.” घड्यांमध्ये खरोखरच फारसे काही अडकलेले नव्हते. संपूर्ण हंगामभर शेतातल्या धुळीत चाललेल्या जीपचा फिल्टर इतका स्वच्छ असावा, हे मला पटेना. दंडगोल उजेडाकडे धरून फिरवला, तेव्हा कागदाची दोन टोके जिथे एकमेकांना चिकटवतात ती उभी शिवण बोटभर उसवलेली दिसली. सरस सुटला होता. तेलाला कागदातून जाण्याची गरजच उरली नव्हती, कारण त्याला कायमचा उघडा दरवाजा मिळाला होता.

साडेचार किलोचा तो समाधानकारक आकडा गाळल्याशिवाय जाणाऱ्या तेलाचा होता. मावसभाऊ बराच वेळ त्या शिवणीकडे बघत राहिला. मलाही नेमके काय वाटले ते सांगणे कठीण आहे. कोडे सुटल्याचा आनंद होताच, पण हंगामभर किती वाळू त्या बेअरिंगांमधून गेली असेल या विचाराने पोटात गोळाही आला. तो फिल्टर स्वस्तातला होता की महागातला, हे मी इथे सांगणार नाही, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि बाजारात नावाजलेल्या खोक्यात बनावट मालही मिळतो.

वाळू म्हणण्यासारखे कण तरी किती मोठे असतात? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातील एकूण मोकळीक बहुतेक गाड्यांत त्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि भार आल्यावर तेलाचा थर ज्या बाजूला सर्वांत पातळ होतो तिथे तो अवघ्या काही मायक्रॉनचा उरतो. या थराहून लहान कण तेलाबरोबर निघून जातात. त्याच्या जाडीच्या जवळपासचे आणि थोडे मोठे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे ५ ते २० मायक्रॉनचे कण, दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी टेकतात आणि ओरखडत जातात. जनरल मोटर्सच्या एका अभियंत्याने १९८८ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधानुसार, ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने झीज निम्म्यावर आली आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्क्यांनी घटली. म्हणून गाळणे हवेच, आणि बारीक हवे. मात्र तेल काळे झाले म्हणजे फिल्टर निकामी झाला, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. डिझेलच्या काजळीचे कण बहुधा एका मायक्रॉनहूनही लहान असतात, ते कोणत्याही चांगल्या फिल्टरमधून पार जातात, आणि तेलातली रसायने त्यांना एकमेकांना चिकटू न देता तरंगत ठेवतात. काळेपणा हे त्या तेलाने काम केल्याचे लक्षण आहे.

बारीक गाळायचे म्हणजे जास्त अडवायचे, असे वाटणे साहजिक आहे, आणि ‘महाग फिल्टर दाब मारतो’ हे गॅरेजमधले वाक्य त्यातूनच आले आहे. पण दार्सींच्या नियमात क्षेत्रफळही आहे हे विसरता येत नाही. कागदाला घड्या घालतात त्या त्यासाठीच. मुठीत मावणाऱ्या डब्यात त्यामुळे डब्याच्या पत्र्यापेक्षा कितीतरी मोठा कागद बसवता येतो, आणि तेलाचा प्रत्येक थेंब हळू, कमी धक्क्याने पलीकडे जातो. बनावट फिल्टरमध्ये पैसा वाचवला जातो तो नेमका इथे. घड्या विरळ, मध्ये बोट जाईल एवढे अंतर. शिवाय साधा सेल्युलोजचा तंतू जाड आणि वेडावाकडा असतो, काचतंतू त्याच्या कितीतरी पट बारीक असतो. बारीक तंतूंच्या जाळीत छिद्रे लहान असूनही मोकळी जागा जास्त राहते, त्यामुळे चांगला काचतंतूंचा फिल्टर अधिक बारीक गाळूनही कमी अडवू शकतो. हे मोजण्याची पद्धतही ठरलेली आहे. आयएसओ ४५४८ या मानकाच्या १२ व्या भागानुसार तेलात चाचणीची धूळ सतत सोडत राहून फिल्टरच्या आधी आणि नंतर कण मोजले जातात. आधीचे ७५ आणि नंतरचा १ असेल तर त्या आकाराचे जवळपास ९९ टक्के कण अडले. आधीचे २ आणि नंतरचा १ असेल तर निम्मेच. खोक्यावर नुसते ‘२० मायक्रॉन’ छापलेले असते, तेव्हा या दोहोंपैकी काय अभिप्रेत आहे ते कळायला मार्ग नसतो. ग्राहक म्हणून याचा मला मनापासून राग येतो.

फिल्टर जसजसा भरत जातो, तसा त्याचा अडथळा एकसारखा वाढत नाही. बराच काळ तो जवळपास तेवढाच राहतो, आणि क्षमता संपत आली की एकाएकी चढतो. त्यानंतर गरम तेलालाही बायपासचा रस्ता धरावा लागतो. गेजवर त्याचा मागमूस नसतो, दिवा पेटत नाही, आवाज बदलत नाही. ‘अजून चांगलं चाललंय’ म्हणून तेलबदल पुढे ढकलणाऱ्याला त्याचे इंजिन काहीही सांगणार नाही.

सकाळी पहिल्या स्टार्टला काही गाड्यांतून येणारा क्षणभराचा खडखडाट मात्र ऐकू येतो, आणि त्याचाही उगम पुष्कळदा फिल्टरमध्येच असतो. आट्यांच्या भोकाभोवती लहान भोकांची जी माळ असते, तिच्या आतून रबराची एक पातळ झालर बसवलेली असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले तेल उलटे वाहून चेंबरमध्ये जाऊ नये, एवढेच तिचे काम. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर ती झालर अत्यावश्यक. साधे नायट्राइल रबर उष्णतेने कडक होते आणि गळू लागते, सिलिकॉनचे मऊ राहते. झालर निकामी झाली की रात्रभरात डबा रिकामा होतो, आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. तेवढा वेळ हेडमधले टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, कोरडेच वाजतात. इथे दाब, गाळणे, मायक्रॉन सगळे मागे पडते, आणि तेल किती लवकर पोहोचले एवढाच प्रश्न उरतो.

मोटारींना फिल्टर नव्हताच तेव्हाचा काळही फार जुना नाही. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी १९२३ मध्ये ‘प्युरोलेटर’ आणले आणि १९२४ च्या क्रायस्लरला कारखान्यातूनच तेलाचा फिल्टर मिळाला. सुरुवातीचे बरेच फिल्टर तेलाचा थोडासा भागच बाजूला घेऊन गाळत आणि चेंबरमध्ये सोडत, बाकीचे तेल न गाळताच बेअरिंगकडे जाई. त्या पद्धतीत इंजिनाच्या दाबावर फिल्टरचा फारसा परिणाम होत नसे. सगळे तेल फिल्टरमधून नेण्याची पद्धत नंतर रुळली, आणि १९५४ मध्ये विक्स कंपनीने हाताने फिरवून काढता-लावता येणारा डबा आणला. हवेने थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलला तर कित्येक दशके नुसती जाळी होती. आपल्याकडच्या १०० सीसी हिरो होंडांनीही कागदाशिवायच लाखो संसार वाहिले. त्यांच्यात क्रँकवर बसवलेला फिरता वाडगा जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकतो, आणि तिथे तो गाळ मेणासारखा थापला जातो. त्या वाडग्यात वाट अडणे हा प्रकारच नाही, ही मला फार देखणी युक्ती वाटते. पण मोटारीच्या इंजिनात मिनिटाला २०-३० लिटर तेल फिरत असते आणि ते सर्वच्या सर्व बारीक गाळून हवे असते. तिथे कागद आला, आणि कागदाबरोबर तो चोंदण्याची भीतीही आली.

म्हणून पुन्हा त्या छोट्या स्प्रिंगकडे येते. गाळणे हेच ज्या वस्तूचे एकमेव काम, तिच्या पोटात न गाळता तेल सोडण्याची सोय करून ठेवणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. त्यांनी आधी विचारले असणार की कागद पूर्ण चोंदला तर काय होईल. मळक्या तेलावर इंजिन वर्षानुवर्षे झिजते, तेलाविना मात्र काही मिनिटांत बेअरिंग वितळून जाम होते. त्यामुळे त्यांनी क्रम ठरवला: आधी तेल, मग स्वच्छ तेल. या क्रमाबद्दल माझ्या मनात शंका नाही. अस्वस्थ करते ते हे की हा क्रम अमलात आला, तर तो चालकाला कळत नाही. मोठ्या ट्रकांच्या आणि मातीकामाच्या यंत्रांच्या काही इंजिनांत फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा फरक मोजणारा निर्देशक असतो. मोटारीत तो सहसा नसतो. ठिबकच्या फिल्टरला दोन गेज लावणारा शेतकरी जी मोटार विकत घेतो, तिच्यात त्याला ही माहिती मिळत नाही.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत पत्र्याचा डबा जाऊन काकांच्या अँबॅसडरची रीत परत आली आहे. इंजिनाला कायमचे हाऊसिंग, प्लास्टिकचे झाकण, आणि बदलायचा तो फक्त कागद. कचरा कमी होतो, कागद हातात घेऊन पाहता येतो, हे मला आवडते. पण यातल्या अनेक रचनांमध्ये बायपास व्हॉल्व्हही आता हाऊसिंगमध्ये किंवा झाकणातच असतो. डब्यात असताना प्रत्येक तेलबदलाबरोबर तोही नवा येत असे. आता तो इंजिनाच्या आयुष्यभर तोच राहतो, शेकडो थंड सकाळी उघडतो आणि बंद होतो, आणि त्याची स्प्रिंग ढिली पडली किंवा बैठकीत एखादा कण अडकून तो अर्धवट उघडा राहिला, तर कितीही चांगला कागद घातला तरी तेल त्याच्या बाजूने निघून जाईल. जुन्या जीपच्या उसवलेल्या शिवणीसारखीच ती स्थिती, फक्त कापून बघायला डबा नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या सर्व्हिसच्या यादीत ‘ऑइल फिल्टर बदलला’ यापुढे चौकट असते, ‘बायपास व्हॉल्व्ह तपासला’ यापुढे नसते. झाकण हातात असतानाच बोटाने दाबून तो उघडतो का, सोडल्यावर पूर्ण बसतो का, हे बघायला मिनिटही लागत नाही. ही चौकट यादीत यायला हवी, आणि ती येईपर्यंत तेल बदलताना मी मिस्त्रींच्या शेजारी उभी राहून ते झाकण मागून घेते.